सुकलेलं लिंबू आणि सडलेलं लिंबू



माझं माहेर जालन्याचं आणि सासर वटारचं. तिकडे कोरडी हवा, इकडे समुद्राची खारी, दमट हवा. टोपलीत राहून गेलेलं लिंबू जालन्यात सुकतं आणि वटारला सडतं, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कळलं. सुकलेलं लिंबू कडक होतं, काळपट पडतं, रस आटतो, पण त्याला घाण वास येत नाही. सडलेलं लिंबू मऊ पडतं, पाणी सोडतं आणि शेजारच्या लिंबालाही सोबत घेऊन जातं. वरवर पाहिलं तर दोन्ही "खराब". पण स्वयंपाकघरात आणि आपल्या आचारात या दोन शब्दांमध्ये फार मोठं अंतर आहे.

आपल्याजवळच्या आगाशीला देरासरात दर्शनाला जाणाऱ्या बऱ्याच जणी येताना सुकेळी घेऊन येतात. राजेळी केळं पूर्ण पिकल्यावर सोलून उन्हात वाळवलं की त्याची सुकेळी होते. तेच केळं दमट जागी दोन दिवस पडून राहिलं तर त्याचं काय होतं, ते सांगायला नको. फळ तेच. एकाची कुणीतरी वेळेवर काळजी घेतली, एकाची नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या महिला मंडळात एका सुनेनं विचारलेला प्रश्न. "काकी, संत्र्याला एकाच बाजूला फूग आली असेल तर तेवढं कापून बाकीचं चालतं का? फेकवत नाही हो." लगेच चार मतं झाली. एक म्हणाली कापून खा. एक म्हणाली धुऊन रस काढा. एक म्हणाली, फुगीपासूनच तर पेनिसिलीन करतात, घाबरायचं काय? आणि एक वयस्कर मावशी शांतपणे म्हणाल्या, "घरच्यांना चांगलं द्यायचं, तसलं आपण खायचं." तिथे मला बोलावंसं वाटलं. पण या प्रश्नाचं उत्तर "चालतं" किंवा "नाही चालत" एवढ्यात संपत नाही. लोकांनी लिंबू-संत्री आजवर कशी टिकवली आणि कुठे त्यांचं चुकलं, हे पाहिलं की उत्तर आपोआप समजतं.

रेवती श्राविकेच्या घरचा पाक

सुरुवात आपल्याच घरापासून करू. भगवती सूत्राच्या पंधराव्या शतकातली रेवतीची कथा आपण सगळ्यांनी व्याख्यानात ऐकली आहे. गोशालकाच्या तेजोलेश्येनंतर भगवान महावीरांना दाहाचा त्रास होत होता. भगवंतांनी सिंह अणगारांना रेवतीकडे पाठवलं आणि सांगितलं, की माझ्यासाठी म्हणून तयार केलेला कोहळ्याचा पाक आणू नका, घरात आधीपासून असलेला बिजोऱ्याचा पाक आणा.

या कथेत आपण नेहमी निर्दोष आहाराचं महत्त्व ऐकतो आणि ते योग्यच आहे. पण गृहिणीच्या नजरेनं एक गोष्ट आणखी दिसते. बिजोरं म्हणजे आपलं महाळुंग, लिंबू-संत्र्याच्या कुळातलं जुनं, जाड सालीचं फळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. रेवतीच्या घरात त्याचा पाक करून ठेवलेला होता, आणि तो मुनिराजांना वहोरावण्याजोग्या स्थितीत होता. वस्तू आधीची होती, पण बिघडलेली नव्हती. तो पाक तिनं कसा केला, कशात ठेवला, हे कथेत नाही. पण कुणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवलं होतं, म्हणून ऐनवेळी तो उपयोगी पडला.

दर दहा दिवसांनी निवड

आता जरा दूर जाऊ. लिंबूवर्गाची फळं मुळात आपला ईशान्य भाग, हिमालयाचा पूर्वेकडचा पायथा आणि त्याला लागून असलेला चीनचा प्रदेश इथली. आपला "नारंग" शब्द फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि त्याचंच पुढे इंग्रजीत "ऑरेंज" झालं. चीनमध्ये हान यान्झी नावाच्या अधिकाऱ्यानं ११७८ साली फक्त याच फळांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात २७ जाती तर आहेतच, पण फळं उतरवायची कशी आणि ठेवायची कशी हेही आहे.

त्यातला सल्ला वाचला तर वाटतं एखाद्या आजीबाईनंच दिलाय. फळ ओढून तोडू नये, लहान कात्रीनं देठाशी कापावं. टोपलीत अलगद ठेवावं, कारण सालीतला सुगंधी तेलाचा अंश फुटला की फळ लवकर नासतं. खोली झाडून स्वच्छ करावी, फटी बंद कराव्यात, खाली भाताचं पिंजर अंथरावं. दर दहा दिवसांनी फळं उलटून पाहावीत. ज्याला थोडासाही डाग दिसेल ते लगेच बाजूला काढावं, नाहीतर ते जवळच्यांनाही बिघडवतं.

साडेआठशे वर्षं होत आली. फ्रीज आला, शीतगृहं आली, पण या यादीतलं एकही वाक्य खोडावं लागलेलं नाही. बदल करायचाच तर आपल्या किनाऱ्यापुरता एक. त्यांच्याकडे वारा लागून फळ सुकण्याची भीती होती, म्हणून फटी बंद करायच्या. वटारसारख्या दमट गावात भीती उलटी आहे, म्हणून आपण हवा खेळती ठेवायची.

जहाजावरची लिंबं

आपलं सोपारं हे प्राचीन बंदर, आणि वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या काळात युरोपातून इकडे येणाऱ्या जहाजांवर सगळ्यात मोठी भीती असायची ती स्कर्व्हीची. ताजं फळ-भाजी महिनोन्‌महिने मिळाली नाही की हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, माणसं मरायची. वास्को द गामाच्या पहिल्याच सफरीत परतताना अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले आणि या आजारानं तीसेक माणसं गेली. जानेवारी १४९९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोहोचल्यावर आजारी खलाशांना हवी होती ती संत्री. त्याच किनाऱ्यावरच्या मोझांबिकवरून आपल्या मोसंबीला नाव मिळालं असं मानतात. माझ्या माहेरचं हे लाडकं फळ, आणि नाव असं समुद्रावरून आलेलं!

पुढे १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरनं "सॅलिसबरी" जहाजावर एक प्रयोग केला. स्कर्व्हीचे १२ रुग्ण घेतले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, ते सर्वांत लवकर सुधारले. सहा दिवसांतच जहाजावरची फळं संपली, पण तेवढ्यात फरक दिसला होता.

औषध तर सापडलं, पण ते समुद्रावर महिनोन्‌महिने टिकवायचं कसं? लिंडनं सुचवलं, की रस मंद आचेवर आटवून घट्ट करावा आणि बाटलीत भरावा. दिसायला उत्तम, वास छान, चव आंबट, सडण्याची भीती नाही. पण उष्णतेनं आणि हवेनं त्यातला मुख्य गुणच बराचसा निघून गेला होता. आज आपण त्याला क जीवनसत्त्व म्हणतो, तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमानं मिळू लागला तो १७९५ नंतर, म्हणजे प्रयोगाला जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर.

कल्हई आणि कळकणं

कथा इथेही संपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर नौदलानं भूमध्य समुद्राकडची मोठी लिंबं सोडून वेस्ट इंडीजची लहान हिरवी लिंबं घ्यायला सुरुवात केली. त्यांच्यात क जीवनसत्त्व कमी. त्यात तो रस उघडा राहायचा, तांब्याच्या नळ्यांमधून जायचा. तांब्यामुळे हे जीवनसत्त्व आणखी झपाट्यानं नष्ट होतं. १८७५-७६ च्या ब्रिटिश उत्तर ध्रुव मोहिमेत लिंबाचा रस बरोबर असूनही खलाशांना स्कर्व्ही झाली. मग लोक म्हणू लागले, लिंबात काही अर्थच नाही! लिंबाचा काय दोष? दोष ठेवण्याच्या पद्धतीचा होता. क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळालं ते १९३७ साली.

हे वाचताना मला आपल्याकडच्या कल्हईवाल्याची आठवण झाली. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आंबट ठेवू नये, कळकतं, हे आपल्या आयांना कुठल्या प्रयोगशाळेनं सांगितलं नव्हतं. लोणचं चिनीमातीच्या बरणीत, ताक-कढी कल्हईच्या भांड्यात, हा घराचा नियमच होता. सगळ्या जुन्या चालीरीती बरोबरच असतात असं मी म्हणणार नाही, पण ही शंभर टक्के बरोबर होती.

इथून एक गोष्ट लक्षात ठेवायची. अख्खं फळ आपल्या सालीत सगळ्यात सुरक्षित असतं. रस काढला की त्याचा गुण कमी व्हायला लागतो. लिंबाचा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची युक्ती हल्ली सगळीकडे दिसते. आपल्याकडे बर्फ बावीस अभक्ष्यांत येतो, त्यामुळे ती वाट आपली नाहीच. लागेल तेव्हा लागेल तेवढंच लिंबू कापावं.

नागपूरची संत्री आणि दोन फुगी

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. एकोणिसाव्या शतकात रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्र्याची रोपं नेऊन नागपूरला लावली असं सांगतात. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोहोचली आणि विदर्भातल्या मालाला मुंबईची वाट मोकळी झाली. पण नागपुरी संत्रं सालीनं सैल आणि नाजूक. सोलायला सोपं, म्हणूनच दुखावायलाही सोपं. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र १९८५ मध्ये नागपूरलाच सुरू झालं आणि २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शास्त्रज्ञांचाही पहिला धडा तोच, ११७८ सालचा: ओढू नका, देठ ठेवून कापा, आपटू नका. सहा-सात अंश तापमानात आणि पुरेशा ओलाव्यात ठेवलेलं निर्दोष संत्रं महिना-दीड महिना टिकतं. निर्दोष हा शब्द महत्त्वाचा. खरचटलेलं फळ कुठल्याही यंत्रात ठेवा, ते सडणारच.

याचं कारण फुगीच्या स्वभावात आहे. संत्र्या-मोसंबीवर मुख्यतः दोन फुगी येतात. हिरवी फूग, पेनिसिलियम डिजिटॅटम, ही सालीवरच्या जखमेतून आत शिरते. आधी पाणी भरल्यासारखा मऊ डाग पडतो, त्यावर पांढरी बुरशी येते आणि मधोमध शेवाळी हिरवी पूड जमते. दुसरी निळी फूग, पेनिसिलियम इटॅलिकम. ती थंडीतही वाढते, म्हणून फ्रीजमध्ये जास्त दिसते. नुसत्या स्पर्शानंही ती एका फळातून दुसऱ्यात जाते. नावावरून ओळखलं असेल, पेनिसिलीनच्याच कुळातल्या या दोघी. पण एका कुळातली सगळीच माणसं वैद्य नसतात! १९२८ मध्ये ज्या फुगीतून औषधाचा शोध लागला ती वेगळी. संत्र्यावरची फूग खाऊन कुणालाही औषध मिळत नाही.

रसाळ फळात फूग वर दिसते त्यापेक्षा आत खोल गेलेली असते. तेवढा भाग कापला तरी उरलेल्यात तिचे धागे आणि चव राहतेच. म्हणून त्या सुनेला माझं उत्तर असं: फूग आलेलं संत्रं, मोसंबी, लिंबू कापून वापरायचं नाही. रस तर मुळीच काढायचा नाही, एका फळानं सगळं भांडं बिघडतं. आणि आपल्या दृष्टीनं पाहिलं तर लील-फूग म्हणजे अनंतकाय. ती पुसणं, धुणं, सुरीनं खरवडणं म्हणजे अनंत जीवांची विराधना. असं फळ सिंकमध्ये धुऊ नये, कचऱ्यात आपटू नये. झाडाखाली सावलीत, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी अलगद परठवावं.

वरची चकाकी

बाजारातली काही फळं फार चमकतात. फळाचं पाणी उडू नये म्हणून त्यावर मेणाचा पातळ थर देतात. आपल्या देशाच्या अन्न नियमांत ताज्या फळांवर मधमाशीचं मेण, कार्नाउबा नावाचं झाडाचं मेण आणि लाखेचं मेण, असे तिन्ही चालतात, पण लेबलवर तसं लिहिणं बंधनकारक आहे. आपल्यासाठी यात फरक आहे. एक झाडापासून मिळतं, बाकी दोन जिवांपासून. हातगाडीवर लेबल कुठून असणार? म्हणून मी परदेशी चकचकीत संत्र्यांऐवजी साधी, थोडी खरखरीत, डागाळलेली का होईना, इथली फळं घेते. मेणानं फळ सुकण्यापासून वाचतं, आतून सुरू झालेली सड थांबत नाही. चकाकी म्हणजे ताजेपणा नव्हे.

घरी काय पाहायचं

काळजी करू नये अशा खुणा: सालीवर तपकिरी, कोरडे, कडक ओरखडे, कारण फांदीला घासूनही ते होतात. पिकलेल्या मोसंबीवर हिरवट रंग. लिंबू पिवळं होणं. साल सुरकुतणं. संत्र्याची फोड कोरडी निघणं, याला चव नसते पण अपाय नाही.

लगेच बाजूला काढावं अशा खुणा: बोट लावताच खचणारा मऊ, ओलसर डाग. पांढरी, हिरवी किंवा निळी फूग. देठाजवळ तपकिरी होऊन मऊ पडणं. खाली पाणी सुटणं. आंबूस, दारूसारखा वास. आतला गाभा काळा निघणं. आणि चव बदलली असेल तर चलित रस, तो घास तिथेच थांबवायचा.

ठेवण्याची पद्धत: आणल्यावर धुऊ नये, कोरड्या फडक्यानं पुसावं आणि कापण्याआधी धुवावं. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नये. बांबूच्या टोपलीत एका थरात, सावलीत ठेवावं. पाच-सात दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं तर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात. लिंबं कोरड्या, झाकणाच्या बरणीत घालून त्याच कप्प्यात ठेवली तर दोन-तीन आठवडे सहज राहतात. फार थंड जागी लिंबावर तपकिरी खड्डे पडतात. पावसाळ्यात रोज, एरवी दोन-तीन दिवसांनी टोपली उलटून पाहावी. मी कॉमर्सवाली, त्यामुळे आधी आलेला माल आधी बाहेर, हा नियम माझ्या टोपलीलाही लागू आहे. नवीन फळं खाली, जुनी वर.

पर्युषणाकडे विशेष लक्ष द्यावं. भर पावसाळ्याचे आठ दिवस, घरात फळ-भाजीला हात नाही, आणि टोपलीकडे पाहिलंच जात नाही. तेव्हाच फूग येते. म्हणून पर्युषणाच्या चार दिवस आधी खरेदी थांबवावी आणि टोपली रिकामी करावी. लिंबाचं लोणचंही कडक उन्हाच्या दिवसांतच घालावं. नीट न वाळलेल्या, ओलसर लोणच्याला आपल्याकडे तीन दिवसांचीच मर्यादा आहे. इथेही पुन्हा तेच, सुकणं आणि सडणं.

आता त्या मावशींच्या वाक्याबद्दल. "तसलं आपण खायचं." किती घरांत हे न बोलता चालतं! चांगल्या फोडी ताटात, उरलेली मऊ, काळी पडलेली फोड बाईच्या तोंडात, फेकण्याचं पाप नको म्हणून. मैत्रिणींनो, आपलं पोट ही परठवायची जागा नाही. जे मुनिराजांना वहोरावता येत नाही, मुलांना देता येत नाही, ते आपल्यालाही चालत नाही. वाया जाऊ नये असं खरंच वाटत असेल तर त्याची वेळ फूग आल्यानंतरची नाही, त्याच्या आठ दिवस आधीची आहे. डझनाऐवजी सहा घ्यावीत, सुरकुतलेलं आधी संपवावं, साल वाळवून उटण्यात घालावी.

रेवतीच्या घरातली ती वस्तू, चीनमधली दर दहा दिवसांची निवड, तांब्याच्या नळीत गेलेला गुण, नागपूरची कात्री. या सगळ्यातून मला एकच शब्द ऐकू येतो, आपला रोजचा, जयणा. फळ टिकतं ते थंडीनं किंवा मेणानं नंतर, आधी टिकतं ते कुणीतरी वेळेवर पाहिल्यानं. ते पाहणारे हात बहुतेक घरांत आपलेच असतात. त्यांनी निवडलेल्या चांगल्या फळातली एक फोड त्यांच्याही वाट्याला येऊ दे.

जय जिनेंद्र.